तारखेच्या दिवशीचं दही

ज्या शनिवारी लेक तिच्या बाबाकडे जायची, त्या शनिवारी मी घरात टिकत नसे. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार. सकाळी दहाला तो आमच्या अपार्टमेंटच्या गेटपाशी येऊन तिला घेऊन जाई आणि संध्याकाळी पाचला परत आणून सोडी. खटल्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने तसं ठरवून दिलं होतं. दर वेळी मी आदल्या दिवशी ठरवायचे, की उद्या मस्त झोप काढायची, नाहीतर डोक्याला तेल लावून स्वस्थ पडायचं. प्रत्यक्षात लिफ्ट खाली पोचायच्या आत मी स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर काढलेले असत. डबे पुसून परत जागेवर गेले की स्कूटरची किल्ली. बंगळूरच्या एचएसआर लेआउटचे सगळे सेक्टर मी त्या शनिवारांत पालथे घातले. कुठे जायचं नसे, काही आणायचं नसे. सिग्नलला थांबलं की जीव गुदमरायचा आणि गाडी सुटली की बरं वाटायचं, एवढंच.

"पायाला भिंगरी लागलीय तुझ्या," आई म्हणायची. "स्वल्प एका जागी बस की गं."

"तू बसून दाखव," मी म्हणायचे.

तिलाही ते जमायचं नाही. काहीतरी निमित्त काढून ती सारखी बाल्कनीत जायची आणि गेटकडे बघून यायची. फक्त माझ्यासारखं पेट्रोल जाळत नसे.

आम्ही बंगळूरचेच. कुठल्यातरी पिढीत कोणीतरी मराठी फौजेबरोबर इकडे आला आणि परत जायचं विसरला, एवढाच आमचा इतिहास. घरात मराठी बोलतो, पण त्यात कानडी इतकं मुरलंय की आता वेगळं काढता येणार नाही. नवरा पुण्याचा. महादेवपुऱ्याला एका आयटी पार्कात नोकरीला आला आणि मराठी बोलणारी मुलगी बंगळुरात सापडली म्हणून खूश झाला. लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "तुमचं मराठी गोड आहे हं." पुण्यात गोड कशाला म्हणतात, हे कळायला मला वर्ष लागलं. पुढे लग्न मोडलं. का मोडलं, ते इथे उगाळत बसत नाही. दोघांनी मिळून मोडलं, एवढं पुरे. लेकीला घेऊन मी एचएसआरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून आई एकटीच होती, तीही माझ्याकडे आली आणि आमचं तिघींचं बरं चाललं होतं.

मग त्याला पुण्याच्या ऑफिसात जायची संधी आली आणि त्याने लेकीचा ताबा मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केला. अर्जात लिहिलं होतं, मुलीची आई सकाळी हेब्बाळला कामाला जाते ती अंधार पडल्यावर उगवते. पुण्यात आजी-आजोबा दिवसभर घरी आहेत. शाळा चांगली आहे. शिवाय आई रागीट आहे. एकदा भांडणात मी स्टीलचा पेला भिंतीवर मारला होता, त्याचं अर्जात 'जड धातूचं भांडं' झालं होतं. ते वाचून माझं डोकं असं फिरलं की हाताशी खरंच एखादं जड भांडं असतं तर मी ते भिरकावलं असतं. पण हेब्बाळचं खरं होतं. माझं क्लिनिक शहराच्या त्या टोकाला, घर या टोकाला, आणि मधल्या फ्लायओव्हरवर संध्याकाळी गाड्या हलत नाहीत, फक्त आवाज करतात. लेकीला शाळेतून आणणं, दूध देणं, अभ्यासाला बसवणं, सगळं आई करायची. कोर्टाला हे पटलं तर लेक पुण्याला जाणार होती. मग मलाच दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला असता, तोही विमानाने जाऊन. मला भीती वाटत होती. रागाने बोलत होते, पण आतून भीतीच होती.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोघं चांगले शिकलेले, दोघंही चढलो.

माझ्या वकीलबाई कानडी, शांत आणि पक्क्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, आई चांगली की बाप चांगला, ही स्पर्धा नाहीये. मूल कुठे बरं राहील, तेवढंच कोर्ट बघतं. अगदी लहान असतं तर आईकडे, असं सहसा म्हणतात. तुमची आठ वर्षांची आहे. म्हणजे शाळा कुठे, मैत्रिणी कुठे, ताप आला की रजा कोण काढतं, हे सगळं येईल. आणि तिला स्वतःला काय वाटतं, तेही जज्जसाहेब विचारतील. आपल्या चेंबरमध्ये, एकटीला."

"तिला काय वाटतं ते मी सांगते की," मी म्हणाले.

"तेच नको," त्या म्हणाल्या.

तारखा पडत गेल्या. कोर्टात सगळ्यात अवघड काय असेल तर बाकावर बसून राहणं. मी व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. आमच्या नावाचा पुकारा व्हायचा, आत जायचं, दोन्ही वकील काहीतरी बोलायचे, पुढची तारीख मिळायची, बाहेर यायचं. एवढ्यासाठी मी हेब्बाळला रजा टाकलेली असे. घ्या, टाकली रजा, आता मुलीची आई कामात गुंतलेली असते म्हणायची सोय नाही, असं मी मनातल्या मनात त्याच्या वकिलाला ऐकवायचे.

तारखेच्या दिवशी सकाळी आई माझ्या तळहातावर दही-साखर ठेवायची. आमच्या घरातून परीक्षेला, मुलाखतीला, ऑपरेशनला, दूरच्या प्रवासाला कोणीही दही चाटल्याशिवाय गेलेलं नाही. मी दहावीला चाटलं, लग्नाच्या बोलणीच्या दिवशी चाटलं, लेकीच्या वेळी हॉस्पिटलला निघतानाही चाटलं. लेकीला शाळेतल्या परीक्षा सुरू झाल्या तेव्हापासून तिच्याही हातावर. ती जिभेच्या टोकाने आधी साखर टिपायची आणि मग दही.

अशाच एका तारखेला व्हरांड्यात नवरा समोरून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि मिशीच्या कडेला दह्याचा पांढरा ठिपका. म्हणजे सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि महादेवपुऱ्यात त्याच्या घरीही सकाळी वाटी निघाली होती. एकाच देवाकडे दोन घरांतून दोन विरुद्ध मागण्या, आणि दही दोन्हीकडे. माझा हात सवयीने रुमालाकडे गेला. इतकी वर्षं त्याच्या तोंडाला लागलेलं मीच पुसत आले होते. मग 'जड धातूचं भांडं' आठवलं आणि मी हात मागे घेतला. जा म्हटलं तसाच. तो तसाच जज्जांसमोर उभा राहिला. मला दिवसभर त्याचा आनंद पुरला.

लेकीला चेंबरमध्ये बोलवायची तारीख ठरली तेव्हा वकीलबाईंनी मला पुन्हा बजावलं, की तिला काहीही शिकवायचं नाही. शिकवलेलं मूल जज्ज एका वाक्यात ओळखतात आणि मग ते शिकवणाऱ्याच्या अंगाशी येतं. मला हसू आलं. हे मला सांगायची गरज नव्हती. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, मुलांचे कान तपासते. काचेपलीकडे मूल हेडफोन लावून बसतं, आवाज ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकतं. ऐकू न येणारी मुलं अवघड नसतात. अवघड असतात ती शहाणी मुलं. ती माझ्या तोंडाकडे बघतात, माझा हात बटणाकडे गेला की आवाज नसतानाही ठोकळा टाकतात, आणि बरोबर ना, म्हणून हसतात. त्यांना ऐकू येण्यापेक्षा मला खूश करायचं असतं. म्हणून तपासताना चेहरा कोरा ठेवायचा, हात टेबलाखाली ठेवायचे, हे मी शिकाऊ मुलींना रोज शिकवते. जी बाई दुसऱ्यांच्या पोरांसमोर दिवसभर कोरा चेहरा ठेवते, तिला स्वतःच्या पोरीसमोर एक आठवडा जमणार नाही का?

तो आठवडा मी तोंडाला कुलूप घातलं. पुण्याचं नाव नाही, बाबाचं नाव नाही, कोर्टाचं नाव नाही. आईलाही तंबी दिली. आई म्हणाली, "सरी, ठीक आहे, मी काही बोलत नाही. पण पोर विचारते, तर उत्तर काय द्यायचं?" मी म्हटलं, काही विचारलं तर तिला गोष्ट सांग. मधल्या शनिवारी लेक तिकडे जाऊन आली तेव्हा तिला काय काय सांगितलं असेल, याचा विचार करत मी चिंचेचा डबा दोनदा घासला. विचारलं मात्र काही नाही. रात्री ती झोपली की तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. एकदा झोपेतच तिने माझा हात बाजूला सारला आणि मला उगाचच रडू आलं.

तारखेची सकाळ उजाडली. आईने माझ्या हातावर दही ठेवलं. लेक शेजारीच उभी होती, केस विंचरून, चांगला फ्रॉक घालून. मला गाडीची किल्ली सापडत नव्हती, वकीलबाईंचा फोन येत होता. त्या गडबडीत मी वाटीतलं चमचाभर दही घेतलं आणि तिला म्हटलं, "हात पुढे कर."

तिने हात पुढे केला. "आज काय आहे?"

"काही नाही. एक आजोबा तुझ्याशी गप्पा मारणार आहेत. तुला जे वाटेल ते सांगायचं. अजिबात घाबरायचं नाही."

तिने दह्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. साखर टिपली, दही चाटलं, हात धुऊन आली आणि बूट घातले. किल्ली फ्रिजवर सापडली.

कोर्टात मुलांसाठी एक खोली आहे. भिंतीवर रंगीत प्राणी आणि खाली गालिच्यावर मोडकी खेळणी. तिथे आम्ही बसलो. थोड्या वेळाने तोही आला, सासूबाईंना घेऊन. सासूबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. आईने मान वळवली. मग कोर्टातल्या एक बाई आल्या आणि लेकीचा हात धरून तिला चेंबरमध्ये घेऊन गेल्या. दार लागलं.

मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. आत काय विचारत असतील? ती काय सांगेल? परवाच मी तिला गृहपाठावरून ओरडले होते. ते सांगेल का? तिकडे आजोबा सायकल शिकवतो म्हणालेत. ते सांगेल का? तो खिडकीशी उभा राहून फोनकडे बघत होता, पण फोनचा उजेड कधीच विझलेला होता. त्याचीही तीच गत होती आणि ते बघून मला जराही बरं वाटलं नाही.

दार उघडलं. लेक बाहेर आली. डोळे लाल. मी पुढे झाले, तोही पुढे झाला. ती आम्हा दोघांकडे न येता सरळ आईकडे गेली आणि म्हणाली, "अज्जी, मला बाथरूमला जायचंय." आई तिला घेऊन गेली. आणि कोर्टातल्या बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. वकिलांना नको, म्हणाल्या. फक्त आईवडील.

जज्जसाहेब निवृत्तीच्या आसपासचे. टेबलावर कागदी रुमालांचा डबा उघडा होता. आधी ते कानडीत सुरू झाले, मग नवऱ्याचा चेहरा बघून इंग्रजीवर आले. बंगळुरात इतकी वर्षं काढून त्याला कानडी येत होतं ते भाजीपुरतं.

"तुमच्यात मुलांना परीक्षेला जाताना हातावर दही देतात का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. आम्ही दोघंही हो म्हणालो.

"आमच्याही घरी माझी आई द्यायची," ते म्हणाले. "आज हिला कोणी दिलं?"

"मी," मी म्हणाले.

"आणि शनिवारी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. "माझ्या आईने," तो म्हणाला. "ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात मोठं काम आहे, आणि तेव्हा पोर आपल्याकडे नसेल."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "मी तिला शाळेचं विचारलं, छान बोलली. मैत्रिणींचं विचारलं, छान बोलली. मग विचारलं, बाळ, तुला कुठे राहायला आवडेल? तर मलाच विचारते, हा प्रश्न किती मार्कांना आहे? मी म्हटलं, याला मार्क नाहीत. तिला ते खरं वाटलं नाही. म्हणाली, दोन्ही घरी दही दिलं, म्हणजे मोठी परीक्षा आहे. आणि मग रडायला लागली. पोर्शन काय आहे ते कुणीच सांगितलं नाही, म्हणाली."



"शिकवून आणलेली मुलं मी रोज बघतो," ते पुढे म्हणाले. "घडाघडा बोलतात. हिला कोणी काही शिकवलेलं नाही, ते मला दिसतंय. पण तिला एवढं कळलंय की तुम्ही दोघं तिच्या उत्तराची वाट बघताय, आणि एकाचं बरोबर आलं की दुसऱ्याचं चुकणार. मी तिला पुन्हा बोलावणार नाही. तुम्ही मध्यस्थाकडे जाऊन काय ते ठरवून आणा. नाही जमलं तर मी निकाल देईन. माझं कामच आहे ते. पण मी तिला आज एकदाच बघितलंय. तुम्ही जन्मापासून बघताय."

बाहेर आल्यावर माझा पहिला राग सासूबाईंवर निघाला. मनातल्या मनात मी त्यांना इतकं बोलले की पुण्याच्या कुठल्याही बाईने ते ऐकून घेतलं नसतं. काय गरज होती शनिवारी दही द्यायची? मग माझाच तळहात मला दिसला. सकाळी दही मीही दिलं होतं. तोंडाला कुलूप घालून फिरले आणि हाताने बोलले. क्लिनिकमध्ये एखाद्या शिकाऊ मुलीने हात टेबलाखाली ठेवला नाही तर मी तिला बाहेर काढते. मला फार लाज वाटली. त्याहून जास्त वाईट वाटलं ते या गोष्टीचं, की एवढी मोठी परीक्षा आहे असं समजून माझी पोर गाडीत सगळा रस्ता गप्प बसून आली, आणि मी ते बघितलं नाही. मी सिग्नल बघत होते.

"पोर्शन म्हणाली," नवरा शेजारी येऊन म्हणाला.

"हो."

"मी आईला दह्याचं काही सांगितलं नव्हतं."

"मला कुठे कोणी सांगितलं होतं," मी म्हणाले. काय बोलत होतो ते आम्हालाच कळत नव्हतं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि तोंड फिरवून नाक पुसलं. त्या दिवशी त्याच्या मिशीला काही लागलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून लेकीने दही सोडलं. दहीभाताशिवाय जिचं जेवण संपायचं नाही, ती ताट सरकवून म्हणायची, "मला नको." कारण विचारलं तर, "आंबट आहे." आईने ताजं विरजण लावलं, साखर घातली, डाळिंबाचे दाणे घातले. नाही म्हणजे नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. इथे पोरीचं दह्यानेच पोळलं होतं. मी आईला म्हटलं, जबरदस्ती करू नकोस. आई दह्याचं भांडं फ्रिजमध्ये मागच्या बाजूला सरकवून ठेवू लागली.

मध्यस्थाच्या खोलीत आम्ही बरेचदा बसलो. शहाण्यासारखे बसलो असं म्हणणार नाही. पहिल्या दिवशी मी उठून बाहेर गेले, दुसऱ्या दिवशी तो गेला. मध्यस्थबाई फक्त पाण्याचा ग्लास पुढे करायच्या. तो प्लास्टिकचा होता हे मी लक्षात ठेवलं. भांडण पुण्यावरून सुरू व्हायचं आणि सात वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी दिवाळीवर जायचं. मग आमच्यातलं कोणीतरी थांबायचं. 'पोर्शन' हा शब्द दोघांच्याही डोक्यात असायचा आणि दोघंही तो उच्चारत नसू.

वकीलबाई मला म्हणाल्या, "मॅडम, केस आपल्या बाजूची आहे. शाळा इथे, तुमची आई घरी, मुलगी रुळलेली. ताबा तुम्हालाच मिळेल. एवढं कशाला सोडताय?"

मलाही तेच वाटत होतं. जिंकायची हौस मला लहानपणापासून आहे. पण निकाल म्हणजे पेपर तपासून आला असं लेकीला वाटलं असतं. आई पास झाली तर बाबा नापास, आणि ते आपण लिहिलेल्या उत्तरामुळे. आयुष्यभर ती ते धरून बसली असती. मी वकीलबाईंना म्हटलं, "सोडू द्या."

ठरलं ते असं. लेक माझ्याकडे, बंगळुरातच राहील. तो पुण्याला जाईल, इथे येईल तेव्हा शनिवार-रविवार ती त्याच्याकडे राहील, रात्रीसुद्धा. उन्हाळ्याची आणि दसऱ्याची अर्धी सुट्टी पुण्यात, आजी-आजोबांकडे. रोज संध्याकाळी फोन. मी क्लिनिकची वेळ बदलून घेतली आणि ती शाळेतून येते तेव्हा घरी पोचू लागले. त्याने जड धातूचं भांडं मागे घेतलं. मीही माझ्या उत्तरात त्याच्याबद्दल लिहिलेलं बरंच काही मागे घेतलं. काय लिहिलं होतं ते आता इथे कशाला. जज्जसाहेबांनी वाचलं, दोघांना पटलंय का विचारलं, आणि तसा आदेश दिला. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ गेला.

मला मनापासून पटलं होतं. फक्त दसऱ्याची सुट्टी जवळ यायला लागली तसं माझं मन पुन्हा सैरभैर झालं. तिच्या जन्मापासून मी लागोपाठ दोन रात्री तिच्याशिवाय काढल्या नव्हत्या. आणि आता आठवडाभर. तिकडे तिला करमलं नाही तर? आणि करमलं तर? दुसऱ्याची भीती जास्त होती, खोटं कशाला बोलू. मी तिची बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. पुण्यात थंडी नाही हे माहीत असून स्वेटर घातला. म्हैसूरचा दसरा टीव्हीवर दाखवतील तो बघ, असं तिला सांगितलं आणि पुण्यात आजी कुठला चॅनल लावतील याची काळजी करत बसले.

निघायच्या सकाळी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "प्रवासाला चाललीय. दही न देता कशी पाठवायची?" ती हळू आवाजात म्हणाली. "अशी कोणी गेलीय का आपल्या घरातून?"

"आई, दह्याचं नाव काढायचं नाही," मी म्हणाले.

"सरी," ती म्हणाली आणि देवापुढे जाऊन उभी राहिली.

इंटरकॉम वाजला. खालचा वॉचमन म्हणाला, "अक्का, सर बंदिद्दारे." नवरा टॅक्सी घेऊन आला होता. मी बॅग दाराशी नेली. पाण्याची बाटली घेतली का, चार्जर घेतला का, आजोबांसाठीचा मैसूरपाक वर ठेवलाय, खाली दाबला जाऊ देऊ नको. माझं तोंड चाललं होतं आणि लेक दाराशी नव्हती. वळून बघितलं तर ती फ्रिज उघडून आत वाकली होती. मागचं भांडं तिने पुढे ओढलं, चमचा बुडवला आणि सांडू नये म्हणून खाली हात धरून माझ्यापर्यंत आली.

"हात पुढे कर," ती म्हणाली.

"अगं, मी कुठे चाललेय? तू चाललीयेस."

"तू इथे राहणार आहेस ना. म्हणून." तिने माझा हात धरून तळव्यावर दही ठेवलं. "तुला पोर्शन सांगते. स्कूटर काढायची नाही. अज्जीने मला सांगितलंय सगळं. घरी बसून राहायचं, मी फोन करीपर्यंत."

आई देवापुढून वळलीच नाही. मी तळहात तोंडाशी नेला. साखर घालायला पोर विसरली होती. मी ते आंबट दही सगळं चाटलं, आणि ती चाटून होईस्तोवर बघत उभी राहिली.

खाली मी तिला त्याच्या हाती दिलं, टॅक्सीचं दार लावलं, गाडी वळेपर्यंत हात हलवला आणि वर आले. खुंटीला स्कूटरची किल्ली लटकत होती. ओट्याखाली डबे होते. हात अजून चिकट होता. मी हॉलमधल्या खुर्चीत बसले. आई माझ्यासमोर येऊन बसली आणि आम्ही दोघी फोनकडे बघत बसून राहिलो.